मुंगीच्या कानांची चौकशी

जगातली निम्मी दुःखं चुकीच्या माहितीमुळे होतात आणि उरलेली निम्मी, बरोबर माहिती चुकीच्या खिडकीवर विचारल्यामुळे. हा सिद्धांत बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसणाऱ्या एका गृहस्थाने नोकरीच्या दीर्घ अनुभवातून मांडला होता, आणि तो जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांना दारापर्यंत सोडताना ऐकवत असे. शेवटचा ऐकवला त्याच आठवड्यात हा गृहस्थ एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात आईची चप्पल घालून, कुलूप लावलेल्या एका दवाखान्यासमोर उभा होता आणि किल्ल्या बनवणाऱ्या माणसाला लहान मुलांच्या कानांविषयी सल्ला विचारत होता.

सगळे त्याला चौकशीसाहेब म्हणत. त्याच्या खिडकीच्या काचेला खाली एक अर्धगोल भोक होतं. माहिती हवी असणाऱ्याला तिथपर्यंत वाकावं लागे. "फलाट चार, सव्वापाच," असं चौकशीसाहेब म्हणे. वाकलेला माणूस विचारी, "नक्की ना?" चौकशीसाहेब पापणीही न हलवता म्हणे, "फलाट चार, सव्वापाच." मग तो माणूस सरळ होई आणि तडक पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याकडे जाऊन तेच विचारी. अशा माणसांबद्दल चौकशीसाहेबाच्या मनात खोल तिरस्कार होता. "यांना माहिती नको असते," तो घरी येऊन सांगे, "यांना कुणीतरी पाठीवर हात ठेवायला हवा असतो."

त्याला एक मुलगी होती. वय पाचच्या आसपास. सतत जमिनीवर काहीतरी शोधत, गोळा करत फिरायची, म्हणून नाव पडलं मुंगी.

एका दुपारी मुंगीला बालवाडीतून आणायला गेल्यावर बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो तुमची. पण मागून हाक मारली की लक्षच देत नाही. गोष्ट सांगायला लागले की अगदी माझ्या मांडीला चिकटून बसते. एकदा कान दाखवून घ्या."

उद्या डब्यात चमचा द्या, असं सांगावं तितक्या सहज त्या बोलल्या होत्या. चौकशीसाहेब मात्र दारातच थांबला.

"म्हणजे तिला ऐकू येत नाही?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग काय म्हणालात?"

"दाखवून घ्या म्हणाले."

दुसरा कुणी असता तर त्याने नेऊन दाखवलं असतं. पण चौकशीसाहेब माहितीच्या धंद्यातला माणूस. आधी माहिती, मग पाऊल. घरी येऊन त्याने फोन उघडला.

पहिल्याच पानावर लिहिलं होतं की लहान मुलांना कमी ऐकू येण्याची कारणं अनेक असतात, सर्दीनंतर असं पुष्कळदा होतं, घरी अंदाज बांधत बसू नये, मुलांच्या डॉक्टरांकडे जावं आणि ऐकण्याची रीतसर तपासणी करून घ्यावी. खाली लिहिणाऱ्या तज्ज्ञांची नावं होती, मजकूर कधी तपासला त्याची तारीख होती. चौकशीसाहेबाने ते वाचलं आणि पुढे गेला. इतक्या थोडक्यात सांगून संपते ती कसली माहिती!

दुसऱ्या पानाचा मथळा होता, 'आईवडिलांनो, तुम्ही हे दुर्लक्षित तर करत नाही ना?' त्यात सांगितलेली सगळी लक्षणं मुंगीत होती. चिडचिड, होती. हट्ट, होता. भाज्या न खाणं, हेही होतं. तिसऱ्या ठिकाणी पांढरा डगला घातलेला एक माणूस खर्जातल्या आवाजात मेंदूविषयी बोलत होता आणि शेवटी त्याने थेंबांची बाटली दाखवली. चौथ्या ठिकाणी आया एकमेकींशी बोलत होत्या. त्यांतल्या एकीने लिहिलं होतं, 'आमच्या नणंदेच्या मुलाचंही अगदी असंच सुरू झालं.'

बस्स. पुढे काही नाही. चौकशीसाहेबाने पान वर केलं, खाली केलं. नणंदेच्या मुलाचं पुढे काय झालं ते कुणी सांगितलंच नव्हतं. जे लिहवत नाही असं काय झालं असेल? 'पुढे काय झालं?' असं त्याने घाईघाईने लिहिलं. मग त्याला दिसलं की ती बाई बऱ्याच वर्षांपूर्वी लिहून गेली होती. बिचाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो अनोळखी मुलगा वर्षानुवर्षं न ऐकता मोठा होत राहिला.

तो उठून पुढच्या खोलीत आला. दाराकडे पाठ करून मुंगी फरशीवर बसली होती. चौकशीसाहेबाने हाक मारली, "मुंगी." हाक अगदी हळू मारली. म्हणजे तिने मान वळवली नाही, तर आपणच हळू बोललो असं स्वतःला सांगता यावं. मुंगीने मान वळवली नाही. आपण फारच हळू बोललो, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण ते त्याला पटलं नाही.

घरात बातमी फुटायला वेळ लागला नाही. बायको पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांच्या कपड्यांची दुरुस्ती करायची. तिने पाय थांबवला आणि म्हणाली, "मुलांच्या डॉक्टरांना विचारू या ना सरळ."

"विचारायचंच आहे. पण आधी आपल्याकडे पक्की माहिती नको? जाऊन काय सांगणार?"

"हेच, की ऐकू कमी येतंय असं वाटतंय."

"वाटतंय! वाटण्यावर गाड्या सुटतात का?"

आजी, म्हणजे चौकशीसाहेबाची आई, एव्हाना तेलाची वाटी घेऊन आली होती. "दोन थेंब सोडते. तुझ्या कानात कमी तेल ओतलं का मी?"

"आई, काही ओतू नका," सून उभी राहिली. "कानात काय आहे ते माहीत नसताना वरून आणखी भर कशाला?"

"बरं, मग वाजवून तर बघू," आजी म्हणाली. तिने वाटी ठेवली आणि डब्याचं झाकण आणि पळी उचलली.

अशी पहिली चाचणी झाली. मुंगीच्या पाठीमागे आजीने झाकण वाजवलं. मुंगी झटकन वळली. आजीने विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. चौकशीसाहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका आवाज ऐकून वर आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खोलीवर नजर फिरवली आणि समोरच्या कपाटाच्या काचेकडे बोट दाखवलं.

"आरशात दिसल्या आजी तिला. मागचं बघायला कान कशाला लागतो? आम्ही काय मान वळवून बस चालवायचो?"

काचेवर चादर टाकली. आजीने पुन्हा वाजवलं. मुंगी वळली नाही. आजीने जोरात वाजवलं. नाही. आजीने पातेलं आपटलं. मुंगी जमिनीकडे बघतच म्हणाली, "आजी, पुरे ना."

"ऐकलं! ऐकलं!" आजी ओरडली.

"धक्का बसला असेल फरशीला," चौकशीसाहेब पांढऱ्या चेहऱ्याने म्हणाला. त्याने असं कुठेसं वाचलं होतं. दोन दिवसांत फोनवर न वाचलेलं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर घरात दर तासाला काही ना काही आपटू लागलं. त्याचा परिणाम इतकाच झाला, की मुंगीला सवय झाली. घराचं छत कोसळलं असतं तरी तिने 'आजी असेल' म्हणून काम चालू ठेवलं असतं. ती वळेनाशी झाली तशी घरातली भीती वाढली, भीती वाढली तसा आवाज वाढला, आणि आवाज वाढला तशी ती आणखीच वळेनाशी झाली.

शेवटी ड्रायव्हरकाका खाली गेले आणि गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. निवृत्तीच्या वेळी मोडीत निघालेल्या आपल्या बसचा हॉर्न त्यांनी आठवण म्हणून मागून आणला होता. त्याला पंप जोडलेला होता.

"डोंगराच्या पलीकडली म्हैस बाजूला व्हायची याने," ते म्हणाले. "हा ऐकला तर काळजी सोडा. नाही ऐकला तर मग बघू."

"घरात?" बायकोने विचारलं.

"मग काय पोरीला घाटात नेऊ?"

मुंगी स्वयंपाकघरात टेबलाखाली होती. काका टेबलाच्या मागे उकिडवे बसले. पंप दाबला.

त्या आवाजाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी तो ऐकला त्यांच्यात पुढची पाच मिनिटं बोलण्याचं त्राण नव्हतं. शेजारचं तान्हं बाळ उठलं, वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले, आजी खुर्चीवर बसायला गेली ती जमिनीवर बसली, आणि बायकोने एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही थेट खिशाला शिवून टाकली. मुंगी टेबलाखालून बाहेर आली, दोन्ही हात कानांवर ठेवून. मग हात काढले आणि काकांना म्हणाली, "परत."

काय आनंद झाला! ड्रायव्हरकाकांनी मुंगीला खांद्यावर घेतलं. आजीने जमिनीवर बसूनच देवाचे आभार मानले. चौकशीसाहेबाने त्या आनंदाच्या भरात फोन उघडला, आणि वाचलं.

मोठा आवाज ऐकू आला म्हणजे बारीक आवाज ऐकू येतातच असं नाही, असं तिथे लिहिलं होतं. हे एक वेळ त्याने सोसलं असतं. पण त्याखाली लिहिलं होतं, की फार मोठा आवाज कानाजवळ झाला तर ऐकण्याची शक्ती कायमची जाऊ शकते.

चौकशीसाहेबाने ते पुन्हा वाचलं. मग फोन पालथा ठेवला, जसा काही तो तसा ठेवल्याने मजकूर बदलणार होता. इतके दिवस त्याला भीती होती की मुलीला ऐकू येत नाही. आता भीती होती की येत होतं, आणि आपण ते घालवलं. या दुसऱ्या भीतीला तळच नव्हता. दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून तो फलाट सांगत होता आणि भोंग्यांचा, इंजिनांचा, माणसांचा तो सगळा गोंगाट त्याला पहिल्यांदाच मौल्यवान वाटला. एका म्हातारीने भोकाशी वाकून गाडी विचारली तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला ऐकू येतं ना नीट? छान." म्हातारी घाबरून बाटल्यावाल्याकडे गेली.

घरी येऊन त्याने हुकूम काढला. "तिच्या कानांना विश्रांती. कुणी मोठ्याने बोलायचं नाही."

झालं, घर कुजबुजायला लागलं. आजी तळव्यावर बोट ठेवून खुणा करू लागली. मशीन बंद. ड्रायव्हरकाका जिन्यातून मोजे घालून वर येऊ लागले. आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मुंगीने उत्तर देणंच थांबवलं.

"मुंगी, पाणी हवं?" चौकशीसाहेब कुजबुजला. काही नाही. "मुंगी, बाबा बोलतोय." काही नाही. त्याने बायकोकडे वळून तसंच कुजबुजत म्हटलं, "गेलं. सगळं गेलं."

"काय म्हणालात?" बायकोने विचारलं. "अहो, मला तरी कुठे ऐकू आलं? जरा मोठ्याने बोला."

पण तोवर तो मुंगीला कडेवर घेऊन जिना उतरला होता.

कान-नाक-घशाचा दवाखाना दुपारचा बंद होता. शेजारी हातगाडीवर एकजण किल्ल्या घासत बसला होता. चौकशीसाहेब त्याच्यापुढे कमरेत वाकला. तिथे काच नव्हती, भोकही नव्हतं. तरी वाकला.

"डॉक्टर कधी येतात?"

"येतात संध्याकाळी."

"नक्की ना?"

"कधी येतात, कधी नाही येत."

"लहान मुलांना ऐकू येईनासं झालं तर काय करतात हो?"

आपल्याला हे विचारण्यात काही चूक आहे असं किल्लीवाल्याला वाटलं नाही. त्याने विचार केला. "माझ्या मेहुण्याला झालं होतं. त्याने कानात किल्ली घातली."

"मग?"

"मग काय, वाढलं."

चौकशीसाहेबाने मुंगीचा कान तळहाताने झाकला आणि पलीकडच्या फळवाल्याकडे गेला. फळवाला म्हणाला, आपोआप बरं होतं. त्याच्या गिऱ्हाइकाने सांगितलं, कधीच बरं होत नाही. तिसऱ्याने सांगितलं, डोळ्यांचा डॉक्टर बघा. चौकशीसाहेब प्रत्येकापुढे वाकत होता आणि प्रत्येकाला "नक्की ना?" विचारत होता, आणि जो बरं वाटेल असं सांगे त्याच्याकडे परत जात होता. फळवाल्याकडे तो दोनदा गेला. मुंगी कडेवरून फळं बघत होती.

तेवढ्यात फोन वाजला.

"कुठे आहात?" बायको.

"माहिती घेतोय."

"घेतलीय मी. हिला लस देतात ना, त्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी सगळं विचारून घेतलं, म्हणाल्या आधी ऐकण्याची तपासणी होऊ दे. रुग्णालयात त्यांनीच सांगून ठेवलंय, उद्या सकाळी जायचंय."

चौकशीसाहेबाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यांना यातलं कळतं?"

"त्या डॉक्टर आहेत, अहो. आणि आईंची एक चप्पल घेऊन या. त्या खोळंबल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं मुंगीला घेऊन श्रवणतज्ज्ञ बाईंसमोर बसले. बाई तरुण होत्या आणि चेहऱ्यावरून काही कळू देत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "सर्दी झाली होती का इतक्यात?"

"लागोपाठ दोनदा," बायको म्हणाली.

"टीव्ही जवळ जाऊन बघते?"

"हो. मला वाटलं लाड करून घेते."

"आणखी काही?"

चौकशीसाहेब खुर्चीच्या कडेला सरकला. "एक सांगायचं राहिलं. आम्ही घरी एक चाचणी केली."

"कसली?"

"हॉर्नची."

"सायकलच्या?"

"बसच्या."

बाईंचा लिहिणारा हात थांबला. "कुठे?"

"स्वयंपाकघरात."

त्या हसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी आधी दिव्याने मुंगीच्या कानात पाहिलं, मग एका यंत्राची मऊ टोपी कानाला लावली, पडद्यावर रेषा उमटल्या, आणि मग मुंगीला काचेच्या एका बंद खोलीत नेऊन डोक्यावर मोठे हेडफोन चढवले. बारीक आवाज आला की काठीत एक कडी घालायची, असा खेळ होता.

मुंगी खेळू लागली. एक कडी पडली. आणखी एक. मग पडेना. बाहेर बाई बटणं फिरवत होत्या. आत मुंगी कडी हातात धरून वाट पाहत होती. प्रत्येक रिकाम्या क्षणात चौकशीसाहेबाला नणंदेचा तो मुलगा दिसत होता. त्याला राहवेना. बाईंनी बटण दाबलं की त्याच्या भुवया आपोआप वर जाऊ लागल्या. मुंगीने काचेतून बाबाकडे पाहिलं आणि भराभर कड्या घालायला सुरुवात केली.

"साहेब," बाई मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसा. तुमच्या भुवया तिला कॉपी करू देतायत."

चौकशीसाहेब भिंतीकडे तोंड करून बसला. आता त्याच्याजवळ ऐकण्यापलीकडे काही नव्हतं. कडी पडल्याचा आवाज काचेतून अगदी दबून येत होता. टक. मग बराच वेळ काही नाही. टक. पुन्हा काही नाही. भिंतीच्या रंगाचे पोपडे निघाले होते. त्यांच्याकडे बघत त्याने इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणालाही काहीही विचारलं नाही.

"या, बसा," शेवटी बाई म्हणाल्या. "हिला ऐकू थोडं कमी येतंय. दोन्ही कानांत, सौम्य. पडद्यामागे पाणी साठलंय. सर्दीनंतर मुलांमध्ये हे पुष्कळ दिसतं आणि बहुतेक वेळा आपोआप जातं. तीन महिन्यांनी परत तपासायचं. राहिलंच, तर कानाचे डॉक्टर पुढचं ठरवतील, त्यावर उपाय आहे. हॉर्नने इजा झाल्याचं आजच्या तपासणीत दिसत नाही. तो पुन्हा वाजवू नका. कानात तेल, थेंब काही नको. मधे जास्त वाटलं, कान दुखला, तर लगेच या."

"नक्की ना?"

बाईंनी पापणीही हलवली नाही. "ऐकू थोडं कमी येतंय, दोन्ही कानांत, सौम्य. पडद्यामागे पाणी साठलंय..." त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने, एक अक्षर जास्त नाही. चौकशीसाहेबाच्या छातीवरचा दगड हलला. अशा कंटाळलेल्या आवाजात माणूस खोटं बोलत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"घरी काय करायचं?" बायकोने विचारलं.

"समोर या, जवळ या, तोंड दिसू दे, मग बोला. कुजबुजू नका, ओरडू नका. आसपासचा आवाज बंद ठेवा. शाळेत पुढे बसवायला सांगा."

बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "चला, सुटलो." चौकशीसाहेबाने मान डोलावली, लिफ्टमध्ये शिरला आणि लिफ्टवाल्यापुढे किंचित वाकून म्हणाला, "काय हो, पडद्यामागचं पाणी जातं ना आपोआप?"

"मला मजला सांगा," लिफ्टवाला म्हणाला.

घरी सगळे जिन्यातच उभे होते. चौकशीसाहेबाने, अधिकृत वेळापत्रक वाचून दाखवावं तसा, बाईंचा शब्द न् शब्द त्यांना ऐकवला. आजीने डोळे पुसले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "मी तर म्हणतच होतो," आणि ते काय म्हणत होते हे कुणी विचारलं नाही. मग सगळी मंडळी कामाला लागली. टीव्ही बंद झाला, पंखा बंद झाला, खिडकी लावली, मशीनवर कापड टाकलं. मुंगी मधल्या खोलीत आईच्या डब्यातली बटणं जमिनीवर मांडून बसली होती. निळी एकीकडे, पांढरी एकीकडे.

समोर यायचं, जवळ यायचं, तोंड दिसू द्यायचं. चौकशीसाहेब तिच्यासमोर पालथा पडला. त्याच्या उजवीकडे आजी गुडघे मोडून बसली, डावीकडे ड्रायव्हरकाका वाकले, वरून आईचा चेहरा आला. चारी तोंडं मुंगीच्या नाकापासून वितीच्या अंतरावर होती. चौकशीसाहेबाने ओठ पूर्ण उघडले आणि एकेक अक्षर पुढे ठेवलं.

"मुं-गी. आ-म्ही. स-ग-ळे. इ-थे. आ-हो-त. तु-ला. का-य. ह-वं. ते. सां-ग."

मुंगीने हातातलं बटण उलटसुलट करून पाहिलं. ते निळं की काळं ते तिला कळेना. तिने एकदा सगळ्यांकडे बघितलं.

"थोडं सरका ना," ती म्हणाली. "उजेड अडतोय."